अकोल्यातली गच्चीवरची भाजीबाग : एप्रिल लागला आणि सगळंच बिनसलं

गच्ची_अकोला

नमस्कार मंडळी. दुसऱ्या मजल्यावरची, दक्षिण आणि पश्चिम उघडी असलेली गच्ची आहे. 15 × 15 इंची काळ्या ग्रो बॅगा, त्यात अंदाजे 40 टक्के कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 30 टक्के माती, 30 टक्के शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. वर 50 टक्के सावली देणारी हिरवी नेट, साधारण पाच-साडेपाच फुटांवर, चारही बाजूंनी ताणून बांधलेली. पाणी बोअरचं. दर आठवड्याला 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत), लिटरला 5 ग्रॅम.

मार्चपर्यंत सगळं झकास होतं. आता पारा 42 च्या वर जातोय आणि एकेक सुरू झालंय. टोमॅटोला फुलं भरपूर, पण देठातूनच गळतात. जी आधीची फळं आहेत त्यांच्या बुडाला काळा चट्टा पडतो. दुधीला नुसती नर फुलं. काकडी कडू. भेंडीच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या. मिरचीची पानं चुरगळलीत. सांबार (कोथिंबीर) दोनदा पेरला, उगवलाच नाही. दुपारी तर सगळी बाग मान टाकते, तेव्हा लगेच पाणी देतो.

नेमकं कुठे चुकतंय? खत वाढवू का? आणि टोमॅटो ठेवू की उपटून टाकू?

---

मातीमाणूस

खत वाढवू नका, उलट आजपासून बंद करा. विद्राव्य खत म्हणजे क्षारच. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि क्षार बॅगेतच राहतात. लिटरला 5 ग्रॅम हे प्रमाण कुंडीसाठी तसंही जास्त आहे, 1 ते 2 ग्रॅमच्या वर जायचं कारण नाही.

तुमच्या यादीतल्या निम्म्या तक्रारींचं मूळ मुळांपाशीच आहे. सगळे पानांना ऊन लागतं म्हणून नेट बांधतात, पण जमिनीतल्या झाडाची मुळं गार असतात आणि काळ्या बॅगेतली तापतात. पश्चिमेचं ऊन थेट बॅगेच्या अंगावर पडलं की त्या बाजूचं मिश्रण दुपारी हात लावू नये इतकं गरम होतं. बारीक पांढरी मुळं नेमकी बॅगेच्या कडेलाच असतात, ती आधी मरतात. मग माती ओली असूनही झाड मान टाकतं, आपण आणखी पाणी ओततो, आणि उरलेली मुळं कुजायला लागतात.

क्रमाने करा. पहिलं, बॅगा स्लॅबवरून उचला. दोन विटा किंवा लाकडी पट्ट्या पुरतात, खालून हवा खेळली पाहिजे. दुसरं, बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवा. पश्चिमेच्या रांगेला बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा तिथे पांढऱ्या सिमेंटच्या पोत्यांचा आडोसा करा. तिसरं, वरून दोन ते तीन इंच आच्छादन: उसाचं पाचट, वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या, काहीही चालेल. खोडापासून दोन बोटं जागा सोडा, नाहीतर बुडाशी कुज लागते. जाड पुठ्ठा घालू नका. वरून ओला दिसतो आणि खाली पाणी पोचतच नाही.

दुपारी मान टाकली की लगेच पाणी, हे बंद. दुधी, काकडी, भोपळा यांची मोठी पानं दुपारी लोंबणारच, मुळांना तेवढ्या वेगाने पाणी ओढता येत नाही. सूर्य मावळल्यावर तासाभरात पानं उभी राहिली तर झाड ठीक आहे. सकाळी सहालाही लोंबलेलीच असतील तर काळजी करा, आणि तेव्हासुद्धा आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. खाली ओलं असेल तर दुखणं पाण्याचं नाही, मुळांचं आहे.

पाणी सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी साडेसहानंतर. तुमच्या आकाराच्या बॅगेत साधारण 40 लिटर मिश्रण बसतं. वाढलेल्या टोमॅटोला एवढ्या उन्हात दिवसाला 3 ते 4 लिटर लागतात, दोन वेळांत विभागून. दुधीसारख्या वेलाला दुप्पट, म्हणून तो खरं तर या बॅगेत मावतच नाही. दुधीला 20 इंची पिशवी किंवा अर्धा ड्रम हवा आणि त्यात एकच वेल.

एक गोष्ट आज संध्याकाळीच तपासा. पाणी घातल्याबरोबर खालच्या भोकांतून धो धो बाहेर येतं का? येत असेल तर कोकोपीट पूर्ण सुकलंय. सुकलेलं कोकोपीट आकसतं, बॅगेच्या कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ निघून जातं. गठ्ठा आत कोरडाच. उपाय: अर्धा लिटर घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा अर्धा लिटर, असं चार-पाचदा. किंवा बॅग घमेल्यात ठेवून खालून पाणी शोषू द्या. मग बोटाने कडेची फट दाबून बुजवा.

टोमॅटोच्या बुडाचा काळा चट्टा रोग नाही, फवारा मारून जाणार नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून ते होतं, आणि कॅल्शियम फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर जातं. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं झालं की प्रवाह तुटतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं, कमी असतो तो नियमितपणा. अंड्याची टरफलं कुटून घालू नका असं म्हणत नाही, पण ती विरघळायला महिने लागतात. चट्टा पडलेली फळं काढून टाका, झाडाची ताकद वाचेल. चट्टा कापून उरलेलं फळ खाता येतं.

---

वेलमांडव

फुलांबद्दल मी लिहितो.

टोमॅटो: दिवसाचं तापमान 35 च्या वर आणि रात्रीचं 24-25 च्या वर राहिलं की परागकण निकामी होतात. फूल उमलतं, फलन होत नाही, देठाच्या गाठीपाशी पिवळं होतं आणि गळतं. यावर औषध नाही. शेतात फुलगळीसाठी एनएए हे संप्रेरक मारतात, पण मेलेला पराग त्याने जिवंत होत नाही. अकोल्यात मे संपेपर्यंत मोठ्या फळाच्या टोमॅटोकडून अपेक्षा ठेवू नका. झाड निरोगी असेल तर शेंड्याकडून एक तृतीयांश छाटा, सावलीच्या कडेला सरकवा, फक्त जगवा. पावसाची झड येऊन रात्री गार झाल्या की नव्या फुटीवर फळ धरतं. पण नवी पानं बारीक, पिवळट, वाटीसारखी वर वळलेली आणि शेंडा झुपका झाल्यासारखा असेल, तर तो पर्णगुच्छ आहे. विषाणू पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. ते झाड उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टात नाही. चेरी टोमॅटो मोठ्या जातींपेक्षा थोडा जास्त दम धरतात.

दुधी: वेलवर्गात आधी नर फुलं येतात, मग मादी. कडक ऊन, मोठा दिवस आणि जास्त नत्र यांनी नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं. तुमच्या 19:19:19 ने हातभारच लावला. मादी फूल ओळखायचं सोपं: पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढी, लव असलेली हिरवी दुधी असते. नर फुलाला नुसता लांब देठ.

दुधीची मादी फुलं मुख्य वेलीपेक्षा उपफांद्यांवर जास्त येतात. मुख्य वेल मांडवाला पोचला, साधारण पाच-सहा फूट झाला, की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या सुटतील. त्यांनाही सात-आठ पानांवर खुडा, पुढच्या फुटीवर मादी फुलं दिसतील. जमिनीपासून दोन फुटांपर्यंतच्या फांद्या मात्र काढून टाका. बॅग लहान असल्यामुळे तीन-चार फांद्यांच्या वर पोसल्या जाणार नाहीत.

मादी फूल येऊन छोटी दुधी पिवळी पडून सुकते तेव्हा लोक म्हणतात रोग पडला. बहुतेक वेळा परागीभवन झालेलं नसतं. दुसऱ्या मजल्यावर, 42 अंशांत मधमाशी फिरकत नाही. हाताने करा, पण वेळ पाळा. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा सहा ते आठच्या दरम्यान. दोडक्याचंही संध्याकाळी. घोसाळं, काकडी, कारलं, भोपळा मात्र सकाळी, नऊच्या आत. दोडका आणि घोसाळं दिसायला सख्खे भाऊ, फुलायच्या वेळा उलट्या. यात गल्लत करून लोक सकाळी दोडक्याच्या मिटलेल्या फुलाशी झटत बसतात. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोला, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच तीन-चार वेळा फिरवा. बोटाला पिवळी पूड लागली पाहिजे. लागत नसेल तर फूल शिळं आहे, दुसरं घ्या.

काकडी कडू होते ती ताणामुळे. पाणी एकसारखं झालं की पुढची फळं बरी येतील. आत्ता लागलेली कडू फळं गोड होणार नाहीत. आणि कडू दुधी मात्र कधीही खाऊ नका, शिजवूनही नाही, रस तर अजिबात नाही. काकडीचा कडूपणा तोंड वाईट करतो, दुधीचा माणसाला दवाखान्यात नेतो. चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघायचा, कडू लागला की थुंकून सगळी फेकायची.

---

कोकणकडा

नेटबद्दल वरच्या दोघांनी काही म्हटलं नाही, म्हणून लिहिते. पाच फुटांवर चारही बाजूंनी ताणलेली हिरवी नेट म्हणजे भट्टी. आत अडकलेली गरम हवा बाहेर जायला वाटच नाही. उंची सात ते आठ फूट हवी, उत्तर आणि पूर्वेची बाजू मोकळी, आणि पश्चिमेला पडदा सोडायचा तो स्लॅबपासून दोन-तीन फूट वर थांबवायचा.

दुसरं, 50 टक्के नेट सगळ्यांवर नको. भेंडी, गवार, चवळी, दुधी, कारलं ही उन्हाची पिकं आहेत. सावलीत ती उंच वाढतात, पानं मोठी होतात आणि फूल कमी येतं. नेट टोमॅटो, मिरची, पालेभाजी आणि लहान रोपांवर. जमलं तर 35 टक्क्यांची पांढरी घ्या, सावली देते आणि उजेड पसरवते. भेंडी-गवारीला बाहेर काढा, फक्त त्यांच्या बॅगांना सावली ठेवा.

---

मातीमाणूस

@कोकणकडा, उंचीबद्दल शंभर टक्के सहमत. पण भेंडी नेटच्या बाहेर काढायचं रत्नागिरीत ठीक आहे, तिथे पारा 34-35 ला थांबतो आणि हवेत ओल असते. विदर्भात कोरड्या झळा असतात. दुपारी बारा ते साडेचार सावली आणि सकाळचं पूर्ण ऊन, अशी सोय होत असेल तर ती सगळ्यांत चांगली. नेटला एका बाजूने कड्या लावून तारेवर सरकती करा, पडद्यासारखी. अकोल्यात गवार मात्र खरोखर उघड्यावर ठेवा, तिला काही होत नाही.

---

गच्ची_अकोला

खूप आभार सगळ्यांचे. बॅगा विटांवर ठेवल्या, नेट उंच करायला माणूस येतोय. कोकोपीटचं तुम्ही म्हणालात तेच निघालं, दोन बॅगा आतून ठणठणीत कोरड्या.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या. मातीवर पांढरा पापुद्रा येतो, बॅगेच्या बाहेरूनही पांढरे ओघळ दिसतात. आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून रोज सकाळी कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी आणि आरओचं बाहेर पडणारं पाणी बागेलाच घालतो. ते चालतं ना? शिवाय ठिबक बसवायचा विचार आहे. पाण्याची टाकी गच्चीवरच, चार फुटांच्या स्टँडवर आहे.

---

मातीमाणूस

नाही चालत. भेंडीच्या कडा कशाने करपल्या ते बहुधा सापडलं.

कुलरमध्ये दिवसभर नुसतं पाणी उडतं, क्षार सगळे टाकीत राहतात. आपण वरून नवं पाणी भरत जातो, म्हणजे नवे क्षार. तळाचं पाणी मूळ बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारं असतं. कुलरच्या गवतावर जो पांढरा थर चढतो तोच तुमच्या बॅगेवर चढलाय. आरओचं टाकाऊ पाणीही तसंच, गाळून काढलेले क्षार त्यातच असतात. दोन्ही पाणी फरशी-संडास धुवायला वापरा. एसीचं पाणी मात्र बिनधास्त घाला, ते हवेतल्या वाफेचं झालेलं पाणी, क्षार जवळपास शून्य.

पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं, पेनासारखं टीडीएस मीटर घ्या, स्वस्त असतं. सिंचनाच्या पाण्याचे ढोबळ आकडे असे: 450 पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) खाली निर्धास्त, 450 ते 2000 जपून, 2000 च्या वर नको. कुंडीत निचऱ्याला जागा कमी असल्यामुळे मी तरी 1000 लाच थांबायला सांगेन. बोअर, कुलर आणि आरओ, तिन्हींचं मोजा.

आता बॅगा धुवाव्या लागतील. आधी वरचा पापुद्रा अर्धा इंच मातीसकट खरवडून काढा. मग नळाचं किंवा एसीचं गोडं पाणी, बॅगेत जेवढं मिश्रण आहे तेवढं, म्हणजे सुमारे 40 लिटर, संध्याकाळी तीन-चार हप्त्यांत सावकाश घाला. पाणी खालून मोकळं वाहून गेलं पाहिजे, बशीत साठू देऊ नका. शेवटी गळणारं पाणी ग्लासात धरून मीटर लावा. पहिल्या ग्लासाच्या निम्म्यावर आलं की पुरे. सगळ्या बॅगा एका दिवशी करू नका, गच्चीच्या निचऱ्यावर ताण येतो. धुण्यात नत्र-पालाशही जातं, म्हणून आठवड्याने मूठभर गांडूळखत वर पसरा. पुढे पंधरवड्यातून एकदा नेहमीपेक्षा जास्त, खालून पाचवा हिस्सा गळेल इतकं पाणी द्या, म्हणजे क्षार साठत नाहीत.

ठिबकबद्दल: चार फूट उंचीने जेमतेम 0.12 बार दाब मिळतो. दहा मीटर पाणी म्हणजे एक बार, हा हिशेब. दुकानदार दाब-नियंत्रित ड्रिपर गळ्यात मारतात, ते अर्ध्या बारच्या खाली नीट चालत नाहीत. मग दुकानदार पंप विकतो. साधे, नियंत्रण नसलेले किंवा हाताने फिरवून कमी-जास्त करायचे ड्रिपर घ्या. 16 मिमीची मुख्य नळी, एका ओळीची लांबी दहा मीटरच्या आत, टाकीच्या तोंडाशी 120 मेशचा जाळीचा फिल्टर. मोठ्या बॅगेला एक ड्रिपर पुरत नाही, दोन बाजूंना दोन लावा. कोकोपीटमध्ये पाणी आडवं कमी पसरतं, सरळ खाली जातं. टायमर घेणार असाल तर तोही शून्य दाबावर चालणारा, बॉल व्हॉल्व्हचा विचारा. सोलेनॉइडच्या (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) बऱ्याच टायमरना उघडायलाच दाब लागतो. नळीत दिवसभर तापलेलं पाणी संध्याकाळी आधी बादलीत सोडून द्या, मग ठिबक सुरू. कठीण पाण्याने ड्रिपर चोंदले की रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा.

---

कीडबीड

भेंडी क्षारांनीच करपली असं लगेच ठरवू नका, पान उलटून बघा. क्षाराचं करपणं खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतं, कड कोरडी तपकिरी, कुरकुरीत. तुडतुड्यांचं करपणं वेगळं: कडा आधी पिवळ्या पडतात, वर वाटीसारख्या वळतात, मग विटकरी होतात, आणि पानामागे पोपटी, पाचर-आकाराची बारीक किडे असतात. बोट जवळ नेलं की ती तिरकी चालतात, खेकड्यासारखी. तिरकं चालणारं दिसलं की तुडतुडाच. पानाच्या शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा दिसला तर तो केवडा, विषाणूचा. झाड काढा, पुढच्या वेळी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका ही जात लावा.

मिरचीचं दुखणं पान कुठे वळलंय त्यावरून ओळखा. कडा वर वळून होडीसारखं पान म्हणजे फुलकिडे. कडा खाली वळून पान लांबट, देठ लांब झालेला म्हणजे पिवळा कोळी. उपाय वेगळे आहेत. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका: सुईच्या टोकाएवढे, पिवळसर, लांबट आणि धावणारे दिसले तर फुलकिडे. काहीच दिसलं नाही आणि पानं तरी खाली वळलेली, तर कोळी, तो भिंगाशिवाय दिसत नाही.

फुलकिडे आणि तुडतुड्यांना निळे-पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर, आणि निंबोळी तेल: लिटरला 3 मिली, आधी 1 मिली द्रव साबणात घोटून मग पाण्यात. सूर्य मावळल्यावरच. दुपारचं तापमान चाळिशीपार असताना सकाळी तेल मारलं तर पानं भाजतात. पहिल्यांदा दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. कोळ्याला सगळे गंधक सांगतात, 80 टक्के पाण्यात मिसळणारं, लिटरला 2 ग्रॅम. अकोल्याच्या एप्रिलमध्ये ते मारू नका. 32-35 अंशांच्या वर गंधकाने झाड होरपळतं, वेलवर्गीय तर आणखी लवकर. तेलाच्या फवाऱ्यानंतर दोन आठवडे तर नाहीच. त्याऐवजी कोळी पाण्याने धुऊन काढा. रोज सकाळी पानांच्या खालून जोरात पाण्याचा फवारा, गोड्या पाण्याचा, आठवडाभर. चुरगळलेले शेंडे दोन इंच छाटून टाका, ती पानं सरळ होत नाहीत, नवी फूट बघायची.

कारलं-दोडका-काकडीला फळमाशी मेमध्ये येईलच. सापळा घेताना दुकानात नुसतं फळमाशीचा सापळा असं मागू नका, आंब्याचा देतात. सापळ्यातलं आमिष वेगळं असतं: आंब्याला मिथाईल युजेनॉल, वेलवर्गाला क्यू ल्यूर. त्यात नर माशाच अडकतात, म्हणून सापळ्याच्या भरवशावर न राहता फळ बोटाएवढं झालं की कागदी पिशवी चढवा. डंख मारलेलं, वाकडं फळ मातीत पडू देऊ नका, अळी मातीत जाऊन कोष करते आणि पुढची पिढी तिथूनच येते.

---

कोकणकडा

सांबाराचं उत्तर राहिलं. धणे तापलेल्या मातीत उगवत नाहीत, तीस अंशांच्या वर उगवण पडते, आणि उगवलेच तर लगेच दांडा सोडून फुलतात. फारच हौस असेल तर धणे रगडून दोन फोडी करा, बारा तास भिजवा, दाट सावलीत पेरा आणि वीतभर होण्याआधीच कापा. त्या जागेत तांदुळजा, राजगिरा किंवा अंबाडी पेरलीत तर जास्त पदरात पडेल. सहा इंच खोल क्रेट पुरतो, तांदुळजा 25 ते 30 दिवसांत कापायला येतो, उन्हाला घाबरत नाही. बी अगदी बारीक असतं, चार पट कोरड्या वाळूत मिसळून पेरा, वर माती जेमतेम झाकेल एवढीच, आणि पाणी झारीने.

रिकाम्या झालेल्या बॅगांत आत्ता, एप्रिल-मेमध्ये नवी काकडी किंवा दुधी पेरू नका. उन्हाळी वेलवर्गाची पेरणी तुमच्याकडे जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी, म्हणजे झळा सुरू व्हायच्या आत फळ धरतं. जानेवारीतल्या थंडीत बी रुसतं, म्हणून कागदी कपात, घरात उबेला उगवून घ्यायचं. आत्ता करण्यासारखं काम म्हणजे पावसाळ्याची रोपं. मिरची आणि वांग्याचं बी मेच्या मध्यावर नेटखाली ट्रेमध्ये टाका, पाऊस बसला की जूनअखेर चार-पाच पानांची रोपं हाताशी असतील.

---

गच्ची_अकोला

मीटर आणलं. बोअर 940, कुलरची टाकी 3100, आरओचं 1700. कुलरचं आणि आरओचं पाणी बंद. भेंडीच्या पानामागे पोपटी किडेही आहेत, तिरके चालतात, म्हणजे दोन्ही भानगडी एकदमच. आधी बॅगा धुवू की आधी निंबोळी तेल मारू?

---

कीडबीड

आधी धुवा. तहानलेल्या, क्षाराने भाजलेल्या झाडावर तेल मारलं तर उरलेली पानंही जातात. धुतल्यावर तीन-चार दिवसांनी नवा शेंडा टवटवीत दिसला की संध्याकाळी तेल. तोवर पिवळे सापळे लावून ठेवा आणि भेंडी एक दिवसाआड तोडत राहा. जून झालेली शेंग झाडावर राहिली की नवी फुलं थांबतात.

नेट उंच करताय तर माणसाला एवढं सांगा: चारही कोपरे तारेने पक्के आवळू नको, पश्चिमेची बाजू हुकांवर ठेव. मेमध्ये वावटळ किंवा वळीव आला की पाच मिनिटांत सोडता आली पाहिजे, नाहीतर नेटबरोबर पाइपही जातात.